दोन वाचकांची रोजनिशी

इतिहासाच्या साधनांत रोजनिशीइतके प्रामाणिक साधन नाही, असा समज आपल्याकडे दृढ आहे. मला मात्र, वय वाढत गेले तसतसे, रोजनिशीइतके लबाड साधन दुसरे नाही असेच वाटू लागले आहे. लबाड म्हणजे खोटे नव्हे. पेशवे दप्तरातील रोजकीर्द लिहिणारा कारकून कोणत्या खाती किती रुपये खर्ची पडले एवढेच मांडतो. त्या कामात त्याच्या मनाचा संबंध येत नाही, म्हणून मन लपविण्याचाही प्रश्न येत नाही. परंतु माणूस स्वतःविषयी लिहू लागला, आणि तेही रोजच्या रोज लिहू लागला, की आपल्या पाठीशी उभे राहून कोणीतरी हे वाचीत आहे या जाणिवेपासून त्याची सुटका होत नाही. तो वाचणारा कधी ईश्वर असतो, कधी आई असते, कधी पुढे केव्हातरी होणारे आपले स्वतःचेच प्रौढ रूप असते. आणि क्वचित् तो खरोखरीचा, हाडामांसाचा, कमरेला तलवार लटकविणारा वरिष्ठ अंमलदार असतो. या शेवटच्या प्रकारच्या वाचकाने तपासलेल्या आणि त्याच्या नजरेपासून चोरून लिहिलेल्या अशा दोन्ही जातींच्या रोजनिश्या दुसऱ्या महायुद्धातील जपानी आरमाराच्या शिकाऊ वैमानिकांनी मागे ठेवल्या आहेत, आणि प्रस्तुत लेखाचा विषय त्याच आहेत.

जपानात रोजनिशी लिहिणे ही गोष्ट आपल्याकडच्यासारखी हौसेची नाही. इसवी सनाच्या दहाव्या शतकात की नो त्सुरायुकी नावाच्या एका प्रांताधिकाऱ्याने तोसा प्रांताची सुभेदारी संपवून राजधानीस परत जातानाच्या सागरप्रवासाची दैनंदिनी लिहिली, आणि ती एका स्त्रीने लिहिली आहे असा बहाणा केला. तेव्हापासून त्या देशात दैनंदिनी हा वाङ्मयाचा एक मान्य प्रकार होऊन बसला. पुढे शाळाखाती तीच शिस्त आली: मुलाने रोजचे लिहावे, गुरुजींनी ते तपासावे. त्यामुळे सैन्यात गेलेला जपानी शिपाई आपल्याबरोबर वही घेऊन जात असे, आणि वरिष्ठांनाही त्यात वावगे वाटत नसे. अमेरिकन सैनिकांस रोजनिशी ठेवण्याची मनाई होती, कारण ती शत्रूच्या हाती पडली तर मोहिमेचा ठावठिकाणा फुटेल. जपान्यांस अशी मनाई नव्हती, आणि त्यामुळे पॅसिफिकमधील बेटाबेटांवर मेलेल्या शिपायांच्या खिशांतून निघालेल्या वह्या पेटाऱ्यांत भरून अमेरिकन दुभाष्यांकडे येत. डोनाल्ड कीन हा पुढे जपानी साहित्याचा जगन्मान्य पंडित झालेला गृहस्थ त्या वेळी असाच एक तरुण दुभाष्या होता. त्या वह्यांना येणारा दर्प वाळलेल्या रक्ताचा आहे हे ध्यानात आल्यावर आरंभी त्या हाती धरणेही त्याला नकोसे वाटले. तरी आपल्याला खऱ्या अर्थाने ओळख झालेले पहिले जपानी लोक म्हणजे या वह्या लिहिणारेच, असे त्याने पुढे नमूद करून ठेविले आहे.

परंतु ते साधे शिपाई होते. मी ज्यांच्याविषयी लिहू पाहतो ती माणसे निराळ्या जातीची.

१९४३ च्या शरदापर्यंत विद्यापीठांतील विद्यार्थ्यांस सक्तीच्या लष्करभरतीतून तहकुबी मिळत असे. त्या साली सरकारने कायदा, अर्थशास्त्र, वाङ्मय अशा शाखांच्या विद्यार्थ्यांची ही तहकुबी रद्द केली. शास्त्र व इंजिनियरिंगच्या विद्यार्थ्यांची मात्र, युद्धोपयोगी म्हणून, कायम ठेवली. म्हणजे कांट वाचणारा गेला आणि काँक्रीट वाचणारा राहिला. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी तोकियोच्या मेइजी मंदिराच्या बाहेरील बागेतील क्रीडांगणावर, भर पावसात, सुमारे पंचवीस हजार विद्यार्थी गणवेशावर पायपट्ट्या बांधून आणि खांद्यावर बंदुका घेऊन चिखलातून संचलन करीत गेले. सज्जांत बसलेल्या हजारो विद्यार्थिनी भिजत पाहत होत्या. पंतप्रधान तोजो यांचे भाषण झाले. आणि तो सगळा समारंभ नभोवाणीने देशभर ऐकविला.

ही मुले कोण होती हे समजण्यासाठी जुन्या जपानी ‘उच्च शाळे’ची कल्पना यावी लागते. विद्यापीठात जाण्यापूर्वीची ही तीन वर्षे वसतिगृहात काढायची, फाटकी टोपी आणि लाकडी खडावा घालून हिंडायचे, आणि जर्मन नाही तर फ्रेंच भाषा आत्मसात करून मूळ ग्रंथांशी झटापट करायची, असा तेथला शिरस्ता. तेथल्या मुलांच्या आवडत्या गाण्याच्या ‘देकान्शो’ या पालुपदाचा अर्थ देकार्त, कांट आणि शोपेनहावर या तिघांच्या नावांची आद्याक्षरे असा लावला जाई. ती व्युत्पत्ती खरी असो वा नसो, मुलांना ती खरी वाटे, हेच पुरेसे बोलके आहे. गटे, रोमाँ रोलाँ, टोमास मान, मार्क्स, किर्केगार्ड, आणि जोडीला ‘मान्योशू’ हा प्राचीन जपानी काव्यसंग्रह: हे सारे एकाच वेळी डोक्यात वागविणारा एकवीस वर्षांचा मुलगा १९४३ च्या डिसेंबरात आरमाराच्या बराकीत दुय्यम दर्जाचा खलाशी म्हणून रुजू झाला, आणि त्याला पहिले कर्तव्य शिकविण्यात आले ते झोळीचा बिछाना ठराविक क्षणांत बांधण्याचे व सोडण्याचे.

त्यांतून निवडलेले विद्यार्थी पुढे राखीव वैमानिक-उमेदवार म्हणून वेगवेगळ्या तळांवर पाठविले जात. पुष्कळांची रवानगी इबाराकी प्रांतातील कासुमिगाउरा सरोवराकाठच्या त्सुचिउरा तळावर झाली. तेथला क्रम जहाजावरचा. जमिनीवर बांधलेल्या बराकीतून सुटी घेऊन गावात जायचे झाले तरी त्याला ‘किनाऱ्यावर उतरणे’ म्हणायचे. विडी ओढण्याची परवानगी द्यायची तर ‘तंबाखूचे तबक मांडा’ असा हुकूम सुटायचा. आणि प्रत्येक कामासाठी नेमल्या वेळेच्या पाच मिनिटे आधी सिद्ध राहायचे, कारण जहाज कोणासाठी थांबत नाही. चुकल्यास मार मिळे, परंतु त्याला मार म्हणत नसत. त्याचे अधिकृत नाव ‘सुधारणा’ असे होते, आणि ती गालावर मुठीने होत असे. खलाशांच्या बराकीत याच कामासाठी एक लाकडी दांडा असे, त्याला ‘आत्मबल भरण्याचा दांडा’ म्हणत. शब्दांचा असा उपयोग करणाऱ्या संस्थेत शब्दांवर पोसलेली मुले येऊन पडली होती.

संध्याकाळच्या अभ्यासाच्या तासाला रोजनिशी लिहायची असे. ती अंमलदार तपासीत, तीवर शेरा मारीत, आणि तिच्यावरून उमेदवाराच्या मनोधैर्याचा अंदाज बांधीत. साहजिकच त्या वहीत ‘आज माझा निश्चय उणा पडला, उद्या अधिक यत्न करीन’ अशा थाटाचा मजकूर येई, आणि तो पन्नास मुलांच्या पन्नास वह्यांत सारखाच येई. खरी वही दुसरीच. ती गादीखाली, पुस्तकाच्या वेष्टनात, जमेल तेथे लपवून ठेवायची आणि संधी मिळताच भेटीस आलेल्या आप्ताच्या हाती घरी पोचवायची. पत्रांचेही तेच: टपालातून जाणाऱ्या पत्राला तपासणी, म्हणून महत्त्वाचे पत्र कोणा माणसाहाती.

येथे एक सावधगिरी सांगतो. तपासलेली वही खोटी आणि चोरलेली वही खरी, अशी सोपी वाटणी करण्याचा मोह होतो. पण गुप्त वही जरा लक्षपूर्वक वाचावी तर तिच्यातही तोच निश्चय, तीच उणीव, तीच स्वतःला घातलेली चाबकाची फटकार आढळते, आणि नंतर लगेच पुढल्या परिच्छेदात तिचे खंडन. अंमलदार वहीबाहेर ठेवता येतो, तो डोक्यातून काढता येत नाही.

सासाकि हाचिरोचेच पाहा. हा तोकियो विद्यापीठातील अर्थशास्त्राचा विद्यार्थी, १९२२ सालचा जन्म, अफाट वाचन, आणि वाचलेल्या प्रत्येक ग्रंथाशी वहीत भांडण्याची खोड. मार्क्सच्या अभ्यासाने तो या निष्कर्षाला आला होता की जपानातील जुनी भांडवलशाही व्यवस्था सडली असून ती नष्ट झाल्याखेरीज नवा देश उभा राहणार नाही. आणि तरी याच व्यवस्थेने चालविलेल्या युद्धात आपण मरावे, कारण त्या विनाशातूनच नवे उगवेल, असे तो स्वतःला पटवून देत होता. मियाझावा केंजी या लेखकाची कावळ्यांच्या युद्धाची एक बोधकथा आहे: कावळ्यांचा आरमारी कप्तान शत्रूला मारून परततो आणि ज्याचा द्वेष करता येत नाही अशा शत्रूला ठार मारावे लागणार नाही असे जग येऊ दे, अशी आकाशातल्या सप्तर्षींची प्रार्थना करतो. या लहान मुलांच्या गोष्टीवर सासाकिने प्रेम, युद्ध आणि मृत्यू या विषयाचा निबंध लिहिला. अमेरिकनांचा द्वेष करणे त्याला कधी साधले नाही. १९४५ च्या फेब्रुवारीत आत्मघाती तुकडीसाठी नावे मागविली तेव्हा मात्र त्याने आपले नाव दिले, आणि १४ एप्रिल रोजी तो ओकिनावाच्या समुद्रात पडला.

त्याच्या तर्कशास्त्रातली फट दाखविणे सोपे आहे, आणि पुष्कळांनी ती दाखविली आहे. मला ती फट त्याला स्वतःला दिसत होती असे वाटते. ज्याचा निर्णय दुसऱ्या कोणी, दुसऱ्या कोठल्या कचेरीत, आधीच घेऊन ठेविला आहे, त्याला युक्तिवादाखेरीज स्वतःचे म्हणून काही करण्यासारखे उरत नाही. म्हणून तो युक्तिवाद करीत राहतो, आणि तो संपू देत नाही.

हायाशि तादाओ हा क्योतो विद्यापीठाचा विद्यार्थीही १९२२ सालचाच. त्याची वही अधिक काळोखी. जपान हरणार हे त्याने ओळखले होते आणि ते लिहून ठेवण्यास तो कचरला नाही. त्याच वहीत, जरा पुढे, मातृभूमीविषयी इतक्या आर्ततेने लिहिलेले आढळते की दोन्ही मजकूर एकाच हातचे आहेत यावर विश्वास बसू नये. तो आत्मघाती तुकडीत नव्हता. १९४५ च्या २८ जुलैस टेहळणीच्या उड्डाणात तो गेला. युद्ध १५ ऑगस्टला संपले.

तिसरा हायाशि इचिझो, फुकुओकाचा, याच वयाचा, याच विद्यापीठाचा, पण ख्रिस्ती घरातला. वडिलांच्या माघारी आईने वाढविलेल्या या मुलाचे शिक्षण कोरियातील वोन्सान तळावर झाले. किर्केगार्ड आणि बायबल हे त्याचे वाचन, आणि आई हा त्याचा खरा वाचक. आईला लिहिलेल्या पत्रांतून मृत्यूची सिद्धता, भजने, घरच्या आठवणी आणि लहान मुलासारखा हट्ट यांची अशी विलक्षण सरमिसळ आहे की ती वाचताना वाचकालाच संकोच वाटतो. आपण दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरलो आहोत अशी भावना होते. उड्डाण करताना आईचे छायाचित्र छातीशी ठेवीन असे त्याने तिला कळविले होते. क्यूशूच्या दक्षिण टोकाकडील कानोया तळावरून १२ एप्रिलला तो गेला. पन्नास वर्षांनी, १९९५ साली, त्याच्या थोरल्या बहिणीने त्याचे लेखन पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले.

ज्या आत्मघाती योजनेत सासाकि आणि इचिझो गेले तिचा इतिहास मराठी वाचकास स्थूलमानाने ठाऊक आहे, म्हणून मी तो पसरीत नाही. १९४४ च्या ऑक्टोबरात फिलिपाईन्समध्ये ॲडमिरल ओनिशी यांनी पहिल्या तुकड्या सिद्ध केल्या. अडीचशे किलोचा बाँब बांधलेले लढाऊ विमान जहाजावर नेऊन आदळायचे, एवढीच ती युक्ती. युद्ध संपेपर्यंत भूदल व आरमार मिळून सुमारे चार हजार वैमानिक अशा रीतीने खर्ची पडले, आणि आरमाराच्या बाजूने गेलेल्या अंमलदारांत धंदेवाईक अंमलदारांपेक्षा हे विद्यार्थीच बहुसंख्य होते. ज्या नारिंगी रंगाच्या दुपंखी शिकाऊ विमानांत बसून ही मुले उडायला शिकली, ज्यांना सारे कौतुकाने ‘लाल चतुर’ म्हणत, ती विमानेही शेवटी शेवटी याच कामी लावली गेली. विमानविद्या शिकविण्यास पेट्रोल उरले नव्हते. शाळेतली मुले डोंगरांत पाइन वृक्षांची मुळे उकरून त्यांतून तेल काढण्याच्या कामावर होती. जो धड उडायला शिकला नाही त्याच्याकडून नेमकी एकच कसरत अपेक्षित होती. ‘स्वेच्छा’ हा शब्द मात्र कागदोपत्री अखेरपर्यंत टिकविला गेला: सर्वांस एकत्र करावे, देशाची अवस्था सांगावी, आणि मग प्रत्येकाने आपली इच्छा कागदावर लिहून द्यावी. शेजारी बसलेले सगळे सोबती लिहीत असता नकार लिहिण्याचे धैर्य मरणाच्या धैर्याहून निराळ्या जातीचे असते, आणि ते शिकविण्याची सोय कोठल्याही तळावर नव्हती.

युद्ध संपले, आणि या वह्यांना दुसरे तपासनीस लाभले. १९४७ साली तोकियो विद्यापीठातील मृत विद्यार्थ्यांच्या लेखनाचा एक संग्रह निघाला. १९४९ च्या ऑक्टोबरात सर्व विद्यापीठांतील पंचाहत्तर जणांचे लेखन एकत्र करून ‘किके वादात्सुमी नो कोए’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. वादात्सुमी म्हणजे सागरदेवता. तिचा आवाज ऐका, असा नावाचा अर्थ. पुस्तक अफाट खपले, दुसऱ्याच वर्षी त्यावर चित्रपट निघाला, पुस्तकाच्या उत्पन्नातून मृत विद्यार्थ्यांच्या स्मारकाची संस्था निघाली. परंतु निवड करताना संपादकांनी कडवे युद्धवादी लेखन गाळले. प्रस्तावना लिहिणारे वातानाबे काझुओ, राबलेचे भाषांतरकार आणि फ्रेंच साहित्याचे थोर अध्यापक, यांनी आपली अडचण लपविली नाही: न्यायबुद्धीला धरून अशा लेखनालाही जागा द्यावी असे त्यांचे प्रथम मत होते, पण त्या काळातील परिस्थिती पाहून ते गाळण्यास त्यांनी संमती दिली. हा गृहस्थ स्वतः १९४५ साली एक गुप्त रोजनिशी लिहीत होता, आणि पोलिसांच्या हाती पडली तरी वाचता येऊ नये म्हणून तिचा बराच भाग फ्रेंच भाषेत लिहीत होता! ती त्यांच्या मृत्यूनंतर सापडली. रोजनिशीला दोन वाचक असतात हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

एका बाजूस शांततावाद्यांनी या मुलांना युद्धाचे विरोधक ठरविले; दुसऱ्या बाजूस राष्ट्रवाद्यांनी, देवळांत आणि स्मारकांत, त्यांना फुलासारखे गळून पडलेले वीर ठरविले; आणि पाश्चात्त्यांनी बराच काळ त्यांना माथेफिरू म्हणून निकालात काढले. त्या पुस्तकाच्या स्मरणार्थ होंगो शिन या शिल्पकाराने घडविलेल्या तरुणाच्या पुतळ्याला तोकियो विद्यापीठाने आपल्या आवारात जागा नाकारली. तो १९५३ साली क्योतोच्या रित्सुमेइकान विद्यापीठात उभा राहिला, आणि १९६९ च्या विद्यार्थी-चळवळीत विद्यार्थ्यांनीच तो पाडून फोडला. एमिको ओनुकी-टियर्नी या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने २००६ साली या वह्यांवर इंग्रजीत ग्रंथ लिहून निदान माथेफिरूपणाचा आरोप पुराव्यानिशी खोडून काढला, हे मोठे काम झाले. आगावा हिरोयुकी या कादंबरीकाराने तर, स्वतः आरमारात काम केलेला असल्याने, १९५६ सालीच ‘मान्योशू’ शिकणाऱ्या चार उमेदवारांची गोष्ट रोजनिशीच्या रूपात सांगून टाकली होती. ज्यास मूळ वह्या मिळणार नाहीत त्याने ती वाचावी.

या सर्व तपासनिसांविषयी माझी तक्रार एकच: प्रत्येकाला त्या वहीतला वाद मिटवून हवा आहे. सासाकि युद्धाच्या बाजूचा की विरुद्ध, हायाशि तादाओ देशभक्त की पराभववादी, असे जो विचारतो तो अंमलदाराचाच प्रश्न विचारतो, फक्त लाल शाईऐवजी निळ्या शाईने.

आणि एक वही अशी आहे की तिच्याशी आपला, हिंदी लोकांचा, प्रत्यक्ष संबंध येतो. किमुरा हिसाओ हा क्योतोचाच अर्थशास्त्राचा विद्यार्थी. तो वैमानिक नव्हता, भूदलातला शिपाई होता, आणि इंग्रजी येत असल्याने कार निकोबार बेटावर मुलकी कारभाराच्या कामी नेमलेला होता. मराठी वाचकाला ती द्वीपमाला अंदमानच्या काळ्या पाण्यामुळे परिचित; १९४२ पासून ती जपान्यांच्या ताब्यात होती, हे सहसा आठवत नाही. १९४५ साली हेरगिरीच्या संशयावरून बेटावरील रहिवाशांना धरून त्यांचे जबाब घेतले गेले, त्या चौकशीत माणसे मेली, आणि किमुरा त्या चौकशीत दुभाष्या व तपास करणारा म्हणून होता. सिंगापूरच्या ब्रिटिश लष्करी अदालतीने त्याला फाशीची शिक्षा दिली. चांगीच्या तुरुंगात तानाबे हाजिमे यांचे तत्त्वज्ञानाचे एक प्रवेशपुस्तक योगायोगाने त्याच्या हाती आले. कागद नव्हता, म्हणून त्याच्या समासांत त्याने बारीक अक्षरांत आपले अखेरचे निवेदन लिहिले, आणि २३ मे १९४६ रोजी तो फासावर गेला. ‘वादात्सुमी’तील सर्वांत प्रसिद्ध मजकूर तोच. २०१४ साली त्याचे आणखी एक मृत्युपत्र उजेडात आले, आणि छापील मजकूर दोन कागद जुळवून, काही गाळून, तयार केलेला होता हे त्यावरून उघड झाले.

ते समासातले लेखन जपानात आजही वाचले जाते. ज्यांच्या मृत्यूबद्दल तो खटला झाला, त्या निकोबारच्या माणसांची नोंद मात्र खटल्याच्या कागदांत आहे, आणि ती साक्षीदारांच्या तोंडून दुभाष्याने इंग्रजीत उतरविलेली आहे.